दोघींना कुंकू

"मुलगी पाठवली?" डॉक्टर म्हणाले. मला नव्हे, माझ्या मागच्या दाराला उद्देशून, जणू तिथून अजून कुणी बाप्या यायचा शिल्लक होता.

मी चोवीस वर्षांची होते. डोंबिवलीहून ठाण्याला आलेले, खांद्यावर स्क्रू-ड्रायव्हरची बॅग, हातात फ्लॉप्यांचा डबा. कंपनीत हार्डवेअरला मी एकटीच मुलगी, आणि असले टोमणे मला रोजचेच. डोकं तापायचं, पण गिळायचे. त्या दिवशी गिळलं नाही. "मुलगीच आहे. मशीनला फरक पडत नाही," असं मी म्हणाले. डॉक्टर आत गेले. टेबलामागे बसलेल्या बाई मात्र खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "ये गं, बस. पाणी घे आधी."

त्या काकू. टेंभी नाक्याजवळच्या त्या छोट्या रक्तपेढीत त्या वीसेक वर्षं रजिस्टर सांभाळत होत्या. पेढीत कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी हात वर केले, आणि पन्नाशी गाठलेल्या काकूंनी दोन बोटांनी टाइप करत रक्तदात्यांची सगळी कार्डं त्यात चढवली. त्या यादीचा जीव होता तो बॉम्बे ग्रुपच्या चार माणसांत. हा ग्रुप इतका दुर्मिळ की ज्याचा तो असतो त्याला ओ ग्रुपचंसुद्धा रक्त चालत नाही, आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाचं तरी मिळावं लागतं. अशी चार माणसं काकूंनी वर्षानुवर्षं शिबिरांतून हुडकलेली. त्यांची नावं एकदा भिंतीवर लावली होती, तर कुणाचे तरी नातेवाईक परस्पर दात्याच्या घरी जाऊन बसले. डॉक्टरांनी कागद उतरवून फाडला. माळ्यावरच्या कार्डांना वाळवी लागलेली. म्हणजे ती चार नावं आता जगात एकाच ठिकाणी होती, त्या कॉम्प्युटरच्या एकुलत्या एक डिस्कवर. डिस्कही म्हातारी, अधूनमधून कुरकुरायची.

म्हणून तर मला पाठवलं होतं. काम असं, की जुन्या डिस्कच्या जोडीला तशीच नवी लावायची, ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती टाकायची, आणि टाकतानाच दोन डिस्कचं मिररिंग करायचं. एकीवर जे लिहाल ते आपोआप दुसरीवरही. एक मेली तरी दुसरी जिवंत. काकूंना मी असं समजावलं तर म्हणाल्या, "म्हणजे सख्ख्या बहिणी." मी म्हटलं, तसंच समजा.

कंपनीतल्या साहेबांनी मला क्रम लिहून दिलेला. आधी टेपवर बॅकअप, मग बाकी सगळं. आता खरं सांगते, बॅकअप मी घेतला नाही. टेपला तीन तास लागले असते. अष्टमीची दुपार होती, डॉक्टर दर अर्ध्या तासाने दारात येऊन "अजून किती?" विचारत होते, आणि मला त्यांना दाखवून द्यायचं होतं. शिवाय माझ्या डोक्यात एक भलतं शहाणपण शिरलेलं. मिररच तर करतोय, दोन प्रती होणारच आहेत, मग टेप कशाला? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी.

तरी त्या दिवशी काम पुरं झालंच नाही. जुनी डिस्क बाहेर काढून झाली आणि पेढी बंद करायची वेळ आली. दोन्ही डिस्क अगदी एकसारख्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. मी स्केचपेनने कागदी पट्ट्यांवर 'जुनी' आणि 'नवी' लिहून त्या चिकटवल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून टेबलावर ठेवल्या आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हे मला आठवायला हवं होतं. आमच्या घरी बाबांची शिवणाची कात्री आणि पाना-पक्कड पाटावर असायचीच. पण ऑफिसच्या कामात असताना घरचं डोक्यात येत नाही. सकाळी पेढीत पाऊल टाकलं तर धुपाचा वास. भिंतीशी पाट, त्यावर लाल कापड, त्यावर मायक्रोस्कोप, रक्तदाब मोजायचं यंत्र, कात्र्या, चिमटे, सगळं लख्ख पुसलेलं आणि झेंडूच्या फुलांनी सजवलेलं. आणि मधोमध, मानाच्या जागी, माझ्या दोन डिस्क. पिशव्यांतून काढलेल्या. ओल्या फडक्याने पुसलेल्या. हळदकुंकू लावलेल्या. पट्ट्यांचा पत्ता नाही.

"काकू! पट्ट्या कुठायत?"

"कसल्या गं? ते कागद? पुसताना निघाले. चिकट होतं, रॉकेलने काढलं बघ. तुझी शस्त्रं ना ती, मग पूजा नको?"

माझा आवाज चढला. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला" हे बोलले हे पक्कं आठवतं. काकू ओशाळल्या. त्यांनी ओंजळीतली फुलं परत तबकात ठेवली.

पण तोवर बिघडलं काहीच नव्हतं. मी स्वतःला आवरलं. दोन्हीतली एक उचलून मशीनला जोडली, मशीन चालू केलं. यादी उघडली. जीव भांड्यात पडला. ही जुनी. आता तिला पुन्हा काढणं भाग होतं, कारण दोन्ही डिस्कच्या पिना एकाच ओळखक्रमांकावर लावलेल्या होत्या आणि एकीच्या मागची बारकी पिन हलवल्याशिवाय मशीन दोघींना वेगवेगळं ओळखत नाही. पिन नवीची हलवली. मग खूण म्हणून मी काय केलं? नवीवरचं कुंकू रुमालाने पुसून टाकलं. जुनीवर राहू दिलं. कुंकवाची ती जुनी, बिनकुंकवाची ती नवी. मला तर ही युक्ती फार हुशारीची वाटली. डिस्कवर छापलेला, दोघींचा वेगवेगळा नंबर कागदावर टिपून घ्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. तो घेतला नाही.

तेवढ्यात साहेबांचा फोन. फोन बाहेर काकूंच्या टेबलावर. मी गेले. "बॅकअप झाला ना?" त्यांनी विचारलं. "हो हो," मी म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्याच एका कामाचं पुराण लावलं. दहा मिनिटं गेली असतील.

परत आले, बसले. हाताशी कुंकवाची डिस्क होती, ती पहिल्या खणात सरकवली. दुसरी तिथेच पालथी पडलेली, ती कडेने उचलून दुसऱ्या खणात घातली. पाहिलं नाही. तिच्या मागची पिन तरी पाहायची! तीही पाहिली नाही. कशाला पाहू, माझ्या मनात हिशेब पक्का होता.

फ्लॉप्या एकामागून एक घातल्या. नवी आवृत्ती चढली. मग मिररिंगचा पडदा आला. त्यावर दोन्ही डिस्क अगदी सारख्याच दिसत होत्या, कारण नवी डिस्क कंपनीत तपासताना मीच तिच्यावर जुनीसारखाच विभाग, त्याच नावाने, आखून ठेवलेला. मुख्य कोणती, असं मशीनने विचारलं. मी पहिली, म्हणजे पहिल्या खणातली, निवडली. मग तांबड्या चौकटीत प्रश्न आला, की दुसऱ्या डिस्कवर जे आहे ते पुसून पहिलीवरचं लिहिलं जाईल, पुढे जायचं का? मी होकाराचं बटण दाबलं. आकडा दिसू लागला. एक टक्का.

काकू प्रसादाची वाटी घेऊन आत आल्या. मघाच्या बोलण्याने जरा दबकतच. खोबरं-साखर माझ्या हातावर ठेवली, उघड्या मशीनमध्ये डोकावल्या आणि बऱ्या मनाने म्हणाल्या, "एकीचं पुसलं गेलेलं, म्हणून परत लावलं हो मी. दोघी समोर असताना एकीला लावायचं नि एकीला वगळायचं, बरं दिसत नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी टॉर्च घेऊन वाकले. पहिल्या खणात कुंकू. दुसऱ्या खणात कुंकू. पिना खोल आत, केबलच्या मागे, दिसेनात. पडद्यावर दोन टक्के.

आता करायचं काय? पहिल्या खणात जुनी असेल तर सगळं ठीक, यादीची दुसरी प्रत तयार होतेय, खुशाल चालू दे. पण पहिल्या खणात नवी असेल तर कोरी डिस्क यादीवर उतरतेय, आणि प्रत्येक टक्क्याला यादी मरतेय. मधेच मशीनचा प्लग काढू नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. काढला तर बरी डिस्कही बिघडू शकते. तीन टक्के. बाहेर नाक्यावर देवीचे कर्णे चालू होते, त्यात मला माझा श्वाससुद्धा ऐकू येईना. चार.

मी प्लग उपटला. मशीन एकदम गप्प झालं.

आणि याच घडीला डॉक्टर दारात. कल्याणच्या एका नर्सिंग होममधून फोन आलेला. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, ग्रुप बॉम्बे. तिचा नवरा बर्फाचा डबा घेऊन तिथून निघालाही होता. "काकू, चार जणांची नावं-पत्ते काढा. लगेच," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी काळा पडदा पाहिला. "हे बंद का?"

मग मी बोलले. बोलले कसली, ओरडले. "यांनी कुंकू लावलं! दोन्हींना लावलं! माझी खूण पुसली गेली, आता कोणती कुठली कळत नाहीये!"

डॉक्टर काकूंकडे वळले. काकूंचा चेहरा पांढराफटक. पण बाई खमक्या. "ते नंतर," त्या म्हणाल्या. "चारांतला एक चेंदणीच्या कोळीवाड्यातला आहे. नाव जिभेवर येत नाहीये, घर ओळखते. जाऊन येते." आणि निघाल्यासुद्धा. नाक्यावर देवीच्या गर्दीने रिक्षा बंद, म्हणजे त्या चालतच जाणार. कल्याणजवळच्या मोहन्याचा एक त्यांना अंधूक आठवत होता, कारखान्याच्या चाळीतला, पण चाळी काय एकदोन आहेत? उरलेले दोघे काही केल्या आठवेनात.

मी डिस्क बाहेर काढल्या. पिना पाहिल्या. दुसऱ्या खणात होती ती जुनी. मी यादीवर कोरी डिस्क ओतत होते.

जुनी एकटी जोडली. मशीनने सांगितलं, असा विभाग सापडत नाही. दुरुस्तीची एक फ्लॉपी माझ्याकडे होती, आजवर कधी वापरलेली नव्हती. सिस्टिम फाइल कुठे ठेवलीय याच्या नोंदीची एक जादा प्रत डिस्कवर लांब दुसरीकडे ठेवते, आणि ही फ्लॉपी ती हुडकून बघते, एवढं मला पुस्तकात वाचून माहीत. चालू केली. एकेका चुकीवर ती थांबून विचारायची, दुरुस्त करू? मी हो म्हणायची. चुका शंभर झाल्या, दोनशे झाल्या. मी मोजायचं सोडलं.

डॉक्टर मागे उभे. या वेळी "अजून किती?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मग तो नवरा आला. तिशीचा असेल. हातात थर्मोकोलचा डबा, शर्टाची बटणं एक सोडून एक लावलेली. बाकावर बसला. उघड्या दारातून मी त्याला दिसत होते आणि तो मला. त्याला वाटत असणार, ही बाई माझ्या बायकोसाठी खटपट करतेय. मी मान खाली घातली. देवा, ही बाई वाचली पाहिजे, एवढंच मनात घोळत होतं. तिच्यासाठी की माझ्यासाठी, कुणास ठाऊक. दोन्ही असेल.

तासाभराने फ्लॉपी संपली. मशीन पुन्हा चालू केलं, यादी उघडली. पहिली काही पानं नुसती चित्रविचित्र खुणांनी भरलेली, नावं नाहीत की गावं नाहीत. पुढे पुढे जात राहिले. मग एकदम नावं सुरू झाली. सरळ, स्वच्छ. बॉम्बे ग्रुप शोधला. तीन नावं आली. चौथं त्या खुणांत गेलेलं.

"कोळीवाड्यातला आहे का बघा," डॉक्टर म्हणाले.

होता. शेवटचं रक्त कधी दिलं तेही होतं, चार महिने उलटून गेलेले, म्हणजे आज चालणार होतं. मी मोठ्याने वाचत असतानाच बाहेर काकूंचा आवाज आला. साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या, चप्पल तुटलेली हातात, आणि मागे उघड्या बंडीतला दांडगा कोळी, दंड चोळत.

"बेगीन टोचा, डाक्टर," मासळी उन्हात टाकून आलेला तो म्हणाला. "माजा मावरा उन्हान परलाय."

डॉक्टरांनी त्याला आत नेलं. रक्त घेणं, तपासण्या, जुळवणी, सगळ्याला दुपार झाली. तो नवरा डबा छातीशी धरून निघाला तेव्हा काकूंच्या पाया पडायला वाकला. काकूंनी त्याला मधेच धरलं. "पळ, पळ आधी," म्हणाल्या. संध्याकाळी कल्याणहून फोन आला. बाई वाचली, मुलगी झाली होती.

पण फोनच्या आधीचं सांगायचं राहिलं. कोळी चहा पिऊन गेला आणि डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं.

"आता सांगा. हे झालं कसं?"

मी तोंड उघडण्याआधी काकू म्हणाल्या, "माझ्यामुळे. मी कुंकू लावलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "इतकंच?"

इतकंच नव्हतं. टेप होती, तीन तास होते, आणि बॅकअप घेतला असता तर काकूंनी अख्ख्या डिस्कला शेंदूर फासला असता तरी बिघडलं नसतं. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि मला माहीत होतं, मी खरं बोलले तर डॉक्टर म्हणणार, तरी मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. साहेब म्हणणार, बाहेरच्या कामाला मुलगी नको. पुढची जी कोण मुलगी हार्डवेअरला येईल तिलाही हे ऐकावं लागणार. अशी सगळी मोठी मोठी कारणं मी त्या क्षणात गोळा केली. खरं कारण एकच, मी घाबरले.

"हो," मी म्हणाले.

डॉक्टर काकूंना ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "उद्यापासून कॉम्प्युटरच्या खोलीत तुम्ही यायचं नाही. यादीचं काम दुसऱ्या कुणाकडे देतो. तुम्ही बाहेरचं काउंटर बघा." काकूंनी कमरेच्या जुडग्यातून खोलीची किल्ली सोडवून टेबलावर ठेवली. वीस वर्षांचं काम होतं ते त्यांचं.

मी आत जाऊन आधी टेप लावली. तीन तास लागायचे ते लागले. मग डिस्कवर छापलेले नंबर कागदावर उतरवले, मोठ्याने दोनदा वाचले, आणि मिरर केला. या वेळी जुनीवरून नवीवर. आकडा शंभरला पोचेस्तोवर जागेवरून हलले नाही.

काकू उंबऱ्यापाशी आल्या. आत आल्या नाहीत. "आता दोन्हीकडे आहे ना गं यादी?"

"आहे काकू. पहिली काही पानं गेली तेवढीच."

"मला आठवतात त्यातली बरीच. लिहून देईन त्या नव्या माणसाला." मग म्हणाल्या, "तुझ्या साहेबांना फोन कर. सकाळपासून चारदा विचारलं त्यांनी, काळजीत असतील."

मी बाहेर आले आणि फोन लावला. साहेबांनी विचारलं, काय गं, काही घोळ?

"क्लायंटच्या बाईंनी घातलेला," मी म्हणाले. "डिस्कची अदलाबदल केली त्यांनी. मी निस्तरलं सगळं, यादी परत आणली."

"शाब्बास," साहेब म्हणाले. "मी म्हटलंच होतं, ही मुलगी कच्ची नाही."

फोन काकूंच्या टेबलावर होता, आणि काकू टेबलाशीच उभ्या होत्या.